छोट्या कारखान्यासाठी क्लाउड ईआरपी कशी निवडायची? सुरुवात स्वतःच्या डिलिव्हरी चलनापासून

वीस-पंचवीस माणसांचा कारखाना टॅली, चार-पाच एक्सेल शीट आणि मालकाची आठवण यांवर बरीच वर्षं नीट चालतो. अडायला कुठे लागतं? ग्राहकाच्या पर्चेसमधून फोन येतो, "आमचं मटेरियल तुमच्याकडे आज किती शिल्लक आहे?" उत्तर द्यायला स्टोअरकीपर, सुपरवायझर आणि अकाउंटंट अशा तिघांना बोलवावं लागतं, आणि तिघांकडे तीन वेगळे आकडे निघतात. असे फोन वाढले की 'आता ईआरपी घेऊया', म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर घेऊया, हा विषय निघतो, ओळखीतून कुणीतरी एक नंबर देतं आणि पुढच्याच आठवड्यात डेमो सुरू होतात.

इथेच थांबा. डेमो पाहून ईआरपी निवडू नका. आपला सर्वांत किचकट व्यवहार कोणता ते आधी शोधा, त्याचे खरे कागद विकणाऱ्यासमोर ठेवा आणि तो व्यवहार तुमच्यादेखत सिस्टिममधून पार पाडून दाखवायला सांगा. तो निभावला तर बाकीचं बहुतेक सगळं सांभाळून घेता येतं. तोच अडला, तर सुंदर डॅशबोर्ड आणि मोबाइल ॲप असूनही सहा महिन्यांत सगळे परत एक्सेलवर येतात.

उदाहरण म्हणून भोसरीसारख्या भागातलं मशिनिंगचं वर्कशॉप धरू. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पंचवीस माणसं, सहा-सात सीएनसी मशीन, वर्षाची उलाढाल सहा-सात कोटी, त्यातलं निम्मं काम लेबर जॉबचं (जॉबवर्क), म्हणजे ग्राहकाच्याच मालावर मजुरीने काम करून द्यायचं. तुमचा धंदा फरसाणाचा असो, छपाईचा असो की औषधांच्या घाऊक विक्रीचा, टप्पे हेच राहतील. किचकट व्यवहार तेवढा बदलेल. औषधांत तो बॅच आणि एक्स्पायरीचा असतो, कपड्यांत साइझ आणि रंगाचा, यंत्रं विकणाऱ्यांकडे सर्व्हिस आणि वॉरंटीचा.

पहिला टप्पा: सॉफ्टवेअर न पाहता कागद गोळा करा

नुकतीच पूर्ण झालेली एक ऑर्डर घ्या आणि तिचा एकूण एक कागद एका फाइलमध्ये लावा. चौकशीचा मेल, कोटेशन, पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर), पीओची अमेंडमेंट, महिन्याचं शेड्यूल, माल आला तेव्हाचं ग्राहकाचं चलन (मालासोबत येणारा कागद), गेटवरच्या रजिस्टरची नोंद, जॉब कार्ड, प्लेटिंगला पाठवलेलं चलन, तपासणी अहवाल, बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन पास), ग्राहकाने काढलेली डेबिट नोट (वजावटीची चिठ्ठी) आणि शेवटी पैसे आल्याचा मेल. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहा: हे कुणी केलं, कुठे केलं, आणि यातली माहिती आधी कुठे लिहिलेली होती. एकच पार्ट नंबर किती जागी हाताने उतरवला जातो हे पाहिलं, की आकडे का जुळत नाहीत ते आपोआप कळतं.

हे काम केबिनमध्ये बसून होत नाही. गेटवरच्या सिक्युरिटीला विचारा, स्टोअरच्या मामांना विचारा, रात्रपाळीच्या सुपरवायझरला विचारा. रात्री अकराला माल आला तर नोंद कोण करतं, आणि ती सकाळी कुणाच्या हातात पडते? कोटेशन कुणीही करून देतो. खरी गळती या अशा वेळांना होते.

मग अडचणींच्या याद्या करा: रोज अडतं ते, महिन्यातून एकदा अडतं ते, आणि 'असलं तर बरं' ते. पैसे फक्त पहिल्या यादीसाठी मोजायचे. विकणारा बहुतेकदा तिसऱ्या यादीबद्दल बोलतो, म्हणून पहिली यादी छापून जवळ ठेवा.

दुसरा टप्पा: कायद्याला काय लागतं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण निम्मे पर्याय इथेच गळतात. तुमच्या सीएंना या बैठकीला नक्की बोलवा.

उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षात ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे. म्हणजे बी-टू-बी (व्यावसायिक ग्राहकाचं) बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा आयआरएन (नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो सिस्टिममधून थेट मिळतो की फाइल काढून पोर्टलवर चढवावी लागते, हे विचारा. पोर्टलवरचं ई-इन्व्हॉइस फक्त २४ तासांत रद्द करता येतं, त्यामुळे चुकलेलं बिल दुसऱ्या दिवशी सापडलं तर सिस्टिम क्रेडिट नोटकडे (बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाकडे) नेते की नुसतं आपल्याकडचं बिल पुसून मोकळी होते, हेही पाहा. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. कंपनीचं नाव, शाखा, वर्ष असं सगळं क्रमांकात कोंबणाऱ्या सिस्टिम इथेच अडकतात.

ई-वे बिलाची मर्यादा सर्वसाधारणपणे ₹५०,००० असली तरी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती ₹१ लाख आहे. सिस्टिममध्ये दोन्ही मर्यादा वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत, नाहीतर भोसरीहून चाकणला जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोसाठी उगाच ई-वे बिल निघत राहील. शिवाय जॉबवर्कसाठी माल राज्याबाहेर पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. हा नियम सिस्टिमला माहीत आहे का?

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला १ एप्रिल २०२३ पासून असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, ज्यात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरला यावर आपल्या अहवालात लिहावं लागतं. प्रोप्रायटरशिप, भागीदारी किंवा एलएलपीला हा नियम लागत नाही, तरीही ही सोय घ्याच असं माझं मत आहे. तपासायची रीत साधी: डेमोत एक बिल बनवा, त्याची रक्कम बदलायला लावा आणि कुणी, कधी, किती होतं, किती केलं, हे चारही दाखवायला सांगा. मग ॲडमिनच्या लॉगिनमधून ती नोंद बंद करून दाखवायला सांगा. बंद झाली, तर ती सिस्टिम कंपनीसाठी बाद.

हिशेबाची वह्या-पुस्तकं क्लाउडवर ठेवणाऱ्या कंपनीला त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. 'आमचा सर्व्हर सुरक्षित आहे' हे याचं उत्तर नव्हे. कुठल्या शहरात आहे ते लेखी घ्या. यात अडचण येण्याचं कारण नाही. ॲमेझॉनची मुंबईतली सर्व्हर केंद्रं २०१६ पासून आहेत आणि मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र तर पुण्यातच आहे.

दर बदलले की सिस्टिम काय करते, याची एक नेमकी चाचणी आपल्या हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि आपल्याकडच्या बऱ्याच लेबर जॉबवरचा कर १२ चा १८ टक्के झाला. विकणाऱ्याला सांगा, ऑगस्ट २०२५ च्या बिलावर आज क्रेडिट नोट काढून दाखवा. मूळ बिल १२ टक्क्यांचं, तर क्रेडिट नोटही १२ चीच निघाली पाहिजे. १८ निघाली, तर त्या सिस्टिममध्ये कराचा दर आयटमला एकदाच चिकटवलेला आहे, तारखेप्रमाणे नाही. पुढच्या प्रत्येक बदलाला हेच होईल.

तिसरा टप्पा: बाजारात नेमकं काय मिळतं

'क्लाउड' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, मुळातच ब्राउझरमध्ये चालण्यासाठी बनवलेली सिस्टिम. दुसरी, कॉम्प्युटरवर चालणारं नेहमीचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर टाकून त्याची स्क्रीन आपल्याला दूरून दाखवायची. 'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे विकतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं. त्यात वाईट काही नाही. अकाउंटंटची सवय मोडत नाही, मालकाला घरून पाहता येतं. पण स्टोअरकीपर मोबाइलवर माल जमा करेल, सुपरवायझर मशीनपाशी उभा राहून नग टाकेल, हे त्यातून होत नाही. तुमची अडचण फक्त हिशेबाची असेल तर तेवढं पुरेल, आणि मग ईआरपीच्या मागे लागूच नका.

झोहो ही चेन्नईची कंपनी. हिशेब, स्टॉक, पगार, विक्री यांची वेगवेगळी ॲप्स एकमेकांना जोडलेली. व्यापार, सेवा, ऑनलाइन विक्री यांना ती चटकन जमते. मशीन, ऑपरेशन, जॉब कार्ड अशा उत्पादनाच्या कामासाठी मात्र नीट तपासून घ्या. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीची, मुक्त स्रोताची. सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नाही, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्या माणसाचे पैसे लागतातच, आणि तो माणूस किती जाणता आहे यावर तिचं यश फार अवलंबून. ओडू बेल्जियमची. तिची फुकटची आणि विकतची अशा दोन आवृत्त्या आहेत, आणि फुकटच्या आवृत्तीत हिशेबाचा भाग अपुरा असतो, हे डेमोत आपणहून फारसं कुणी सांगत नाही. सॅप बिझनेस वन आणि मायक्रोसॉफ्टची बिझनेस सेंट्रल या वरच्या गटातल्या. त्या स्थानिक पार्टनर कंपनीमार्फत घ्यायच्या असतात. मोठा ग्राहक 'तुमच्याकडे सॅप आहे का' विचारतो म्हणून पंचवीस माणसांच्या कारखान्याने तिकडे वळू नये. ग्राहकाला वेळेवर माल आणि बरोबर चलन हवं असतं.

याशिवाय पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर इथे स्थानिक लोकांनी खास वर्कशॉपसाठी बनवलेल्या सिस्टिम असतात. त्यांना लेबर चलन, रिजेक्शन, शेड्यूल हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, आणि हा मोठा फायदा आहे. धोका एकच: पाच-सात जणांची कंपनी बंद पडली तर आपण कुठे? त्याचं उत्तर पुढे करारात येईल.

यादी तीनवर आणा. त्याहून जास्त डेमो घेतले की कुणाचं काय होतं ते लक्षात राहत नाही.

चौथा टप्पा: डेमो त्यांचा, कागद आपले

आता पहिल्या टप्प्यातली फाइल काढा. ती आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे तयारीला वेळ नव्हता ही सबब उरणार नाही. लेबर जॉबसाठी मी असा व्यवहार देतो.

ग्राहकाचं चलन ५०० फोर्जिंगचं. मोजल्यावर निघाले ४९८. टर्निंगमध्ये आपल्या चुकीने ६ रिजेक्ट, आणि ४ मध्ये फोर्जिंगलाच तडा, म्हणजे तो दोष ग्राहकाच्या मटेरियलचा. चांगले ४८८. त्यातले ३०० प्लेटिंगला पाठवले, परत आले २९७. प्लेटिंगवाल्याकडे ३ बाकी. शेड्यूलप्रमाणे २५० ग्राहकाला गेले, त्यातले १० रिवर्कसाठी परत आले. आता ग्राहकाचा फोन: आमचे किती नग कुठे आहेत?

हातावर उत्तर असं. ग्राहकाकडे २४०. प्लेटिंगवाल्याकडे ३. आपल्याकडे प्लेटिंग झालेले ४७, प्लेटिंग न झालेले १८८, रिवर्कचे १०, रिजेक्ट १०, मिळून २५५. बेरीज ४९८. आणि कमी आलेले २ चलनावर वेगळे वादात. हे उत्तर एका स्क्रीनवर, ग्राहकाच्या मूळ चलन क्रमांकासह दिसलं पाहिजे. 'रिपोर्ट बनवून देऊ' हे चालेल का? चालेल, पण माहिती आत नीट गेली असेल तरच. म्हणून नोंदी टाकताना बारकाईने पाहा. ४ आणि ६ चं कारण वेगळं टाकता येतं का? ४९८ जमा करताना २ ची कमी नोंदता येते, की गणित जुळवायला ५०० च टाकावे लागतात? ग्राहकाचा माल आपल्या स्टॉकच्या किमतीत मिसळत तर नाही ना? हा शेवटचा मुद्दा वर्षअखेरीला ताळेबंदात उमटतो, कारण तो माल आपल्या मालकीचा नाहीच.

जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत आणि यंत्रसामग्री तीन वर्षांच्या आत परत यावी लागते. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही. माल पाठवणाऱ्याला आयटीसी-०४ हे विवरण भरावं लागतं: उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नसेल तर वार्षिक. आपला स्वतःचा माल हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला जातो तेव्हा माल पाठवणारे आपण असतो. तेव्हा अमुक चलन अकरा महिन्यांपासून उघडं आहे असा इशारा सिस्टिमने स्वतःहून द्यावा, आणि आयटीसी-०४ ची फाइल तिच्यातूनच निघावी.

दुसरी छोटी चाचणी पैशांची. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला आणि वर्ष संपलं, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. पुरवठादाराच्या मास्टरमध्ये (त्याच्या कायमच्या माहितीच्या नोंदीत) त्याचा उद्यम नंबर (सरकारी लघुउद्योग नोंदणीचा) आणि वर्ग ठेवता येतो का, आणि ४५ दिवस बिलाच्या तारखेपासून न मोजता माल स्वीकारल्यापासून मोजले जातात का, हे पाहा.

डेमोला मालकाने एकट्याने बसू नये. कीबोर्ड स्टोअरकीपरच्या हातात द्या. त्याला मास्टरमधलं लांबलचक नाव पाठ नसतं. तो 'पंचवीसचा बार' म्हणून शोधणार. सापडतो का? ग्लोव्हज काढून बारक्या मोबाइलवर किती वेळा टिचकी मारावी लागते? दर त्याच्यापासून लपवता येतात का? विकणाऱ्याचा माणूस त्याच्याशी कसा बोलतो, याकडेही लक्ष असू द्या. पुढचे सहा महिने या दोघांनाच एकमेकांशी काम करायचं आहे.

पगाराचा भाग पहिल्या फेरीत घेऊ नये असं मला वाटतं. घ्यायचाच असेल तर महाराष्ट्राचा व्यवसाय कर तपासा: महिन्याला ₹२००, पण फेब्रुवारीत ₹३००, आणि ₹२५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला कापला जातो. एवढं बिनचूक निघालं तर बाकीचंही बरं असणार.

पाचवा टप्पा: तीन वर्षांचा हिशेब

महिन्याचा दर पाहून निर्णय घेऊ नका, तीन वर्षांची एकूण रक्कम काढा. समजा दर माणशी महिना ₹८०० आहे आणि दहा जण वापरणार. वर्षाचे ₹९६,०००, तीन वर्षांचे ₹२,८८,०००, वर १८ टक्के जीएसटी, जो आपल्याला क्रेडिट म्हणून मिळतो. त्यात बसवण्याचा खर्च, जुना डेटा भरण्याचा, प्रशिक्षणाचा, बिलाचा आणि चलनाचा छापील नमुना बदलून घेण्याचा, ई-इन्व्हॉइसच्या जोडणीचा आणि वार्षिक सपोर्टचा खर्च मिळवा. बसवण्याचा खर्च पहिल्या वर्षीच्या भाड्याच्या दुप्पट निघाला तरी दचकू नका. तो फारच कमी सांगितला असेल, तर काय काय त्यात धरलेलं नाही ते एकेक करून विचारा.

परदेशी कंपनीचं थेट बिल येणार असेल तर त्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, आपल्याला रोखीने भरावा लागतो. क्रेडिट नंतर मिळतं. कॅशफ्लोमध्ये तेही धरा.

दर माणशी भाडं असलं की मालक लॉगिन वाचवायला जातो: दोघांत एक, तिघांत एक. तसं करू नका. बदल कुणी केला याची नोंद ठेवायची आणि लॉगिन वाटून घ्यायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. गेट आणि शॉपफ्लोअरसाठी स्वस्तातलं मर्यादित लॉगिन मिळतं का, त्याची घासाघीस करा. तिथे सूट मिळते.

इंटरनेटचा खर्चही यातच आला. फायबरची एक लाइन आणि वेगळ्या कंपनीचा सिम राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर. तरीही एखाद्या दिवशी काहीच चालणार नाही आणि टेम्पो गेटवर उभा असेल. त्यासाठी वेगळ्या सिरीजचं छापील चलन बुक ठेवा. जीएसटीत एकाहून जास्त सिरीज चालतात. नेट आलं की ते चलन त्याच नंबरने सिस्टिममध्ये चढवायचं. ती सोय आहे का, हे डेमोतच विचारून ठेवा.

सहावा टप्पा: सोडायची वेळ आली तर

सही करण्याआधी विकणाऱ्याला सांगा, "आम्ही उद्या सोडून चाललो असं धरा, आमचा सगळा डेटा काढून दाखवा." फक्त लेजर आणि स्टॉक नव्हे. जोडलेली ड्रॉइंग, स्कॅन केलेली चलनं, बदलांची नोंद, सगळं. एक्सेल किंवा सीएसव्हीत उघडून पाहा, चलन आणि बिल एकमेकांना कुठल्या नंबरने जोडले आहेत ते दिसतं का.

याची गरज कायद्यानेही आहे. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. भाडं थांबल्यावर नुसतं पाहण्यापुरतं लॉगिन किती काळ आणि किती पैशांत मिळेल, ते करारात लिहून घ्या. भाववाढ वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के, सिस्टिम बंद पडली तर किती तासांत माणूस फोनवर, हेही तिथेच. स्थानिक छोट्या कंपनीकडून घेत असाल, तर दर आठवड्याला पूर्ण बॅकअप आपल्याकडे उतरवून घेण्याचं कलम मी तरी सोडत नाही.

आणि एक गोष्ट फार जणांकडून सुटते. मुख्य ॲडमिन खातं कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा, बसवून देणाऱ्या माणसाच्या जीमेलवर नको. परवाना मूळ कंपनीकडून आपल्या नावावर आहे का, तेही पाहून घ्या. पार्टनर बदलावा लागला, तर खातं आपलंच राहिलं पाहिजे.

सातवा टप्पा: चालू करताना

सिस्टिम कोणतीही निवडा, सगळ्यात जास्त घाम आयटम मास्टरवर (सगळ्या वस्तूंच्या यादीवर) गाळायचा आहे. जुन्या शीटमध्ये एकच वस्तू किती रूपांत असते ते पाहा: 'ईएन ८ बार २५', 'बार डाया २५ ईएन८', 'ब्राइट बार २५ एमएम'. तिन्हीवर वेगवेगळा स्टॉक, एकावर मायनस. हे जसंच्या तसं नव्या सिस्टिममध्ये ओतलं तर नव्या सिस्टिममध्येही मायनसच दिसणार. स्टोअरकीपर, पर्चेसवाला आणि क्वालिटीचा माणूस अशा तिघांना बसवा. नावाचा क्रम ठरवा: आधी प्रकार, मग ग्रेड, मग माप. किलोत घेतो आणि नगात देतो अशा वस्तूंना दोन्ही एकके आणि त्यांचं गुणोत्तर टाका. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एचएसएन (जीएसटीतला वस्तूचा कोड) सहा आकडी लागतो, तो याच वेळी सीएंकडून तपासून घ्या. दोन वर्षांत हललेल्या वस्तूच घ्या, बाकीच्या जुन्या फाइलमध्येच राहू द्या. या कामाला महिना लागला तरी लागू द्या, विकणारा कितीही घाई करो.

जुना इतिहास नव्या सिस्टिममध्ये आणू नका. फक्त उघडे व्यवहार आणा: न फिटलेली बिलं एकेक करून, बाकी असलेले पीओ, आणि बाहेर असलेलं प्रत्येक चलन नगांसह. 'अमुक पार्टीचे एकूण ₹४ लाख येणे' अशी एकच रक्कम टाकली, तर पैसे आल्यावर ते कुठल्या बिलात वळते करायचे ते कळत नाही.

तारीख कोणती? हिशेब १ एप्रिलपासून सुरू केलेले बरे. पण सगळंच एप्रिलमध्ये सुरू करू नका, कारण मार्च-एप्रिलला अकाउंटंट आधीच वर्षअखेरीत बुडालेला असतो. माझा क्रम असा: स्टोअर, पर्चेस आणि चलन जानेवारीपासून, हिशेब आणि बिलं १ एप्रिलपासून. तीन महिन्यांत स्टोअरची माणसं सरावतात आणि मास्टरमधल्या चुका बिलावर येण्याआधीच सापडतात. स्टॉकची मोजणी साप्ताहिक सुट्टीला ठेवा, भोसरीत असाल तर गुरुवारी. मोजणाऱ्याच्या हातात जुना आकडा देऊ नका. कोरा कागद द्या.

ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर आता ओटीपीशिवाय लॉगिन होत नाही. ओटीपी मालकाच्या फोनवर आणि मालक मुंबईच्या गाडीत, अशी पंचाईत नको. बिल करणाऱ्याचं वेगळं उप-खातं त्याच्या नंबरवर आधीच काढा, आणि सिस्टिमच्या जोडणीसाठी लागणारं एपीआय खातंही.

नवी आणि जुनी पद्धत एकत्र चालवायची का? एक महिना, त्याहून जास्त नाही. दुप्पट काम माणसं फार काळ करत नाहीत. मग जुन्यावर खरं आणि नव्यावर कसंतरी, असं होतं. त्या महिन्यात रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिघांनी बसून पाच नोंदी ताडून पाहायच्या: कागदावर काय, सिस्टिममध्ये काय. चूक सापडली तर टाकणाऱ्याला झापू नका. एकदा झापलं की दुसऱ्या दिवसापासून चुका कळायच्या बंद होतात, आणि मग तो 'पंचवीसचा बार' पुन्हा मायनसमध्ये जातो.

पहिला महिना संपला की तीन गोष्टी स्वतः पाहा. जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या विवरणाची) फाइल, जी मासिक भरणाऱ्यांसाठी पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत जायची असते, हाताने काही न जोडता सिस्टिममधून निघाली का. सगळ्यात जास्त फिरणाऱ्या वीस वस्तू मोजून स्क्रीनशी जुळल्या का. आणि ग्राहकाच्या शिल्लक मटेरियलचा तो फोन आला, तर स्टोअरकीपरने कुणालाही न बोलावता उत्तर दिलं का. तिन्हीला हो आलं, तर पुढच्या महिन्यात शॉपफ्लोअरवरचे नग टाकायला घ्या. एकालाही नाही आलं, तर नवीन काही जोडण्याआधी तेवढंच दुरुस्त करा.